पकडायला पुरेसं, सोडायला अपुरं : पाच नंबरचं तयार ट्राउट किट

रॉड घ्यावी अशी आहे. लाइन चालून जाते. रीळ जपावं लागतं. फ्लायच्या, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेल्या नकली किड्यांच्या, डबीतला निम्मा माल बाजूला काढावा लागतो आणि सोबत मिळणारी जाळी नदीवर नेऊच नये. मुंबईत दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या या तयार फ्लाय किटबद्दल आमचं मत हे असं आहे. खोका, पिशवीचा रंग आणि स्टिकर बदलतात, आतला माल जवळपास तोच असतो. म्हणून नावात न शिरता थेट वस्तूंबद्दल लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हे किट मुंबईच्या आसपास वापरायचं नाही. ट्राउटला थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, त्यामुळे महाराष्ट्रात हा मासा नाही. मे महिन्यात किंवा दसऱ्याच्या सुमारास हिमाचलमधल्या तीर्थन, सांगला, बरोट या बाजूला जाणाऱ्यांसाठी हे किट आहे. पवईच्या तलावातल्या कटल्यावर ते वापरून बघायचा मोह होतो, पण तो आवरावा. बारीक टिपेटवर (फ्लाय बांधायचा शेवटचा नायलॉन धागा) अंगापिंडाने मोठा कटला अडकला की एकतर टिपेट तुटतं आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो, नाहीतर त्याला इतका वेळ दमवावं लागतं की सोडूनही उपयोग नसतो. समुद्राच्या गरवण्यात मुरलेल्यांनाही सांगणं हेच की, जिताड्याची रॉड ट्राउटला चालत नाही आणि ट्राउटची जिताड्याला.

खोक्यात काय येतं? नऊ फुटी, चार तुकड्यांची कार्बन रॉड, रीळ, त्यावर आधीच गुंडाळलेली बॅकिंग (लाइनच्या मागची राखीव दोरी) आणि तरंगणारी लाइन, एक लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला निमुळता नायलॉन धागा), चोवीस फ्लायची डबी, शिशाच्या गोळ्या, छोटी कात्री आणि दुमडणारी जाळी.

रॉडपासून सुरुवात करू, कारण पैसे खऱ्या अर्थाने तिथे वसूल होतात. ती मध्यम वेगाची आहे, म्हणजे टोकाबरोबर मधला भागही वाकतो. नवख्याला हेच सोयीचं, कारण लाइनचं वजन रॉडवर कधी बसलं ते हाताला कळतं. दुकानात घेताना चारही तुकडे जोडा आणि मुठीकडून टोकाकडे एक डोळा मिटून बघा. लाइन ओवायच्या सगळ्या कड्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. जोडांवरचे ठिपके जुळूनही एखादी कडी वाकडी दिसली, तर ती चुकीची बांधली आहे, दुसरी रॉड मागा. जोड पूर्ण बसल्यावर दोन-चार मिलिमीटरची फट राहते, तो दोष नाही. दोष असतो तो जोड हलण्यात. कास्ट करता करता, म्हणजे लाइन फेकता फेकता, तुकडे हळूहळू सैल होतात आणि सैल जोडावरच रॉड फुटते. दर अर्ध्या तासाने चारही तुकडे हाताने दाबून बघण्याची सवय लावून घ्या. साधं मेण पुरुष जोडावर, म्हणजे आत जाणाऱ्या टोकावर, हलकं घासलं की पकड टिकते. कार्बनमधून वीज वाहते, तेव्हा विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना नऊ फुटी काठी उभी धरू नये.

रॉडवर पाच नंबर लिहिलेला असतो, लाइनवर डब्ल्यूएफ५एफ. म्हणजे पुढच्या भागात वजन, पाच नंबर, तरंगणारी. पाच नंबरच्या लाइनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम असतं आणि रॉड त्या वजनाला वाकेल अशी बनवलेली असते. तीर्थनसारख्या नदीवर, वर झाडं आणि समोर मोठे धोंडे असताना, टाकायचे असतात वीस-पंचवीस फूट. त्यातही पुढचे नऊ फूट लीडरचे. मग रॉडच्या बाहेर लाइन राहते जेमतेम पंधरा फूट, वजन निम्म्याहून कमी, आणि रॉड वाकतच नाही. नवखा माणूस मग जोर लावतो आणि लाइन पाण्यावर आपटते. यावर उपाय म्हणजे फक्त छोट्या ओढ्यांवर जाणार असाल तर याच रॉडला सहा नंबरची लाइन लावा. सांगल्याला बास्पा नदीच्या रुंद पात्रात किंवा तळ्यावर जाणार असाल तर पाचच ठेवा.

किटमधली लाइन छोट्या रिळावर बराच काळ पडून असल्याने तिला वळ्या पडलेल्या असतात. त्या तशाच ठेवल्या तर फ्लाय हलक्या हाताने उतरत नाही आणि मासा ओढतो तेव्हा ते हाताला उशिरा कळतं. दोन हातांत वावभर लाइन धरून सावकाश ताणा, पाच सेकंद धरा, पुढे सरका. तीस-पस्तीस फूट एवढं केलं की वळ्या बऱ्याच कमी होतात. डीट असलेली डास पळवायची औषधं लाइनचं आवरण विरघळवतात, ती हाताला लावून लाइन धरू नका.

सराव मैदानात करायचा, पण कोणत्या, हे महत्त्वाचं. शिवाजी पार्कसारख्या लाल मातीच्या मैदानात लाइन ओढली की बारीक खडे तिच्या आवरणात रुततात आणि पुढे रॉडच्या कड्या कानशीसारख्या घासतात. हिरवळ शोधा. टोकाला गळ न बांधता लोकरीचा छोटा तुकडा बांधा. मैदानात फ्लायसकट सराव करणारे दिसतात, त्यांनी मुलांच्या डोळ्यांचा विचार करावा. घरी आल्यावर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाकून लाइन धुवा आणि मऊ कापडातून ओढून घ्या.

लीडर मात्र बदलावाच लागतो. साडेसात फुटी आणि जाड असा तो येतो, आणि तेवढ्या जाडीवर स्वच्छ पाण्यातला ब्राउन ट्राउट फ्लायजवळ येऊन वळून जातो. नऊ फुटी, ५ एक्सचा (हा टोकाच्या जाडीचा आकडा) लीडर विकत मिळतो. पण गाठी मारायची आवड असेल तर मुंबईतल्या कुठल्याही तंगुसाच्या दुकानातून रिळं आणून घरी होतो. ०.४५ मिमी तंगूस ९० सेंमी, ०.४० चा ६० सेंमी, मग ०.३५, ०.३०, ०.२५ आणि ०.२० प्रत्येकी २० सेंमी, शेवटी ०.१५ चं टिपेट ५० सेंमी. एकूण २८० सेंमी, म्हणजे नऊ फुटांहून थोडा जास्त. शेजारच्या दोन तुकड्यांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक ठेवला की गाठ सुटते. प्रत्येक गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस जळतो आणि तिथेच तुटतो. आकड्यांचा हिशोब असा : ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. ५ एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, ०.१५ मिमी. फ्लायच्या नंबराला तीनने भागलं की कितव्या एक्सचं टिपेट हवं तेही कळतं. चौदा-सोळा नंबरच्या फ्लायला ५ एक्स.

पण बारीक म्हणजे चांगलं, असा समज करून घेऊ नका. ६ एक्स-७ एक्सवर मासा जास्त वेळ खेळवावा लागतो आणि त्यात तो पुरता दमतो. सोडायचाच आहे, तर पेलवेल तितकं जाड टिपेट वापरून त्याला लवकर काठाशी आणणं चांगलं.

रिळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ओढ्यातला मासा बहुतेक वेळा हाताने लाइन ओढूनच आणला जातो. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, तपासायचा तो एवढ्यासाठी : लाइन एकदम झटक्याने ओढा. आधी अडखळून मग सुटत असेल तर तो पहिला धक्काच ५ एक्स तोडेल. या किटचं रीळ थोडं अडखळतं, ड्रॅग अगदी हलका ठेवला तर निभतं. खरी अडचण मुंबईच्या हवेची. आतलं स्टीलचं बेअरिंग समुद्राकाठच्या घरात पावसाळाभर पडलं की गंजतं. ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करा, बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब द्या आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

आता डबी. चोवीस फ्लायपैकी साधारण दहा मोठ्या, भडक रंगांच्या, आठ-दहा नंबरच्या आहेत. फ्लायचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे या सगळ्या मोठ्या. हिमालयातल्या ओढ्यात धोंडा उलटून बघा. तळाशी चिकटलेल्या मेफ्लायच्या अळ्या, वाळूच्या कणांचं घर करून राहिलेली कॅडिस, चपटी स्टोनफ्लाय दिसते. ट्राउट खातो ते हेच पाण्यातले किडे : बहुतेक तपकिरी, बहुतेक करंगळीच्या नखाएवढे. धोंडा पुन्हा होता तसा ठेवा. तेव्हा डबीतल्या उपयोगाच्या फ्लाय म्हणजे फेझंट टेल, हेअर्स इअर, एल्क हेअर कॅडिस आणि अ‍ॅडम्स. चौदा आणि सोळा नंबरच्या आणखी सहा-सहा घ्या. काळी वूली बगर एक-दोन असू द्या, तळ्यावर कामाला येते. काहींच्या नेढ्यात वार्निश साठून भोक बुजलेलं असतं, ते घरीच सुईने मोकळं करा. थंडीत, वाहत्या पाण्यात उभं राहून ते होत नाही.

सगळ्या फ्लायच्या गळाला टोकामागे उलटा काटा आहे आणि या किटबद्दलची आमची मोठी तक्रार ही आहे. सोडायच्या माशाच्या तोंडात हा काटा अडकला की तो काढायला वेळ जातो, ओठ फाटतो. काटा दाबून टाकायला पाच मिनिटं पुरतात. दात नसलेली सपाट तोंडाची पक्कड घ्या. पक्कड गळाच्या टोकाच्या रेषेत, समोरून धरायची, आडवी नाही. आडवी धरली की काट्याऐवजी टोकच मोडतं. हळू दाबत न्या, काटा आत बसल्याचं बोटांना कळतं. मग गळ सुती कापडात टोचून मागे ओढा. सहज निघाला तर झालं. धागा ओढला गेला तर काटा अजून शिल्लक आहे, पुन्हा दाबा. स्वस्त पोलादाचे काही गळ यात मोडतातच, ते नदीवर मोडण्यापेक्षा घरी मोडलेले बरे. बिनकाट्याच्या गळावरून मासे सुटतात ही भीती फार बाळगू नका. लाइन ताणलेली ठेवली की सुटत नाहीत. सुटतात ते लाइन ढिली पडल्यावर.

स्पिनर (पाण्यात फिरणारी धातूची चकती) वापरणाऱ्यांसाठी : तीन तोंडांचा गळ काढून त्या जागी एकेरी, काटा दाबलेला गळ लावा. पण परवाना घेतानाच नदीच्या त्या पट्ट्यात स्पिनरला परवानगी आहे का ते विचारून घ्या.

शिशाच्या गोळ्या परत खोक्यात ठेवा. पाण्यात पडलेलं शिसं पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनने याच कारणासाठी १९८७ मध्ये गळाला लावायच्या शिशाच्या छोट्या वजनांवर बंदी घातली. कथिलाच्या गोळ्या किंवा टंगस्टनची लुगदी वापरा.

आणि जाळी. गाठी मारलेल्या नायलॉनची, कडक, मासळीच्या पाटीवर टाकायला ठीक अशी. ट्राउटच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कवच असतं, तो खरवडला गेला की त्या जागी बुरशी धरते. नायलॉनच्या गाठी तो थर ओरबाडतात, शेपटी आणि पर जाळीत फाटतात, वर फ्लाय जाळीत गुंतते आणि ती सोडवेपर्यंत मासा हवेत लोंबकळत राहतो. रबरी जाळी घ्या, तीत गळ गुंतत नाही. ती जड असते आणि प्रवाहात ओढते, हे खरं. तेवढा खर्च नको असेल तर बिनगाठीची मऊ जाळी घ्या, किंवा जाळीच नको. ओढ्यातले मासे बहुतेक विती-दीड वितीचे असतात. त्याला उथळ, संथ पाण्यात आणा, हात आधी पाण्यात बुडवा, टिपेटवरून चिमटा सरकवत गळापर्यंत न्या, गळ धरून उलटा फिरवा. मासा पाण्याबाहेर न काढताच सुटतो.

हवेत किती वेळ, यावर कॅनडातल्या संशोधकांचा एक प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. पूर्ण दमेपर्यंत पळवलेल्या रेनबो ट्राउटपैकी १२ टक्के मेले. दमवून वर ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के. फोटोसाठी मोबाइल खिशातून काढून, कुलूप उघडून, कॅमेरा लावेपर्यंत एक मिनिट सहज जातं. फोटो हवाच असेल तर समोरच्याने आधी तयार राहावं, मासा पाण्यातच धरावा आणि पाणी निथळतंय तेवढ्यातच, दहा सेकंदांच्या आत, फोटो घ्यावा. कल्ल्यात बोट घालू नये, पोट दाबू नये. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. पुढे-मागे हलवण्याची गरज नसते, पाणी आपोआप कल्ल्यांतून जातं. तो जोर करून निघाला की सोडा. गळ घशात खोल गेला असेल तर ओढाओढ न करता टिपेट कापा.

किटमध्ये नसलेल्या आणि हव्यातच अशा दोन वस्तू मुंबईत सहज मिळतात. पहिली, पाच इंची आर्टरी, म्हणजे सर्जनचा चिमटा. प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानात मागा, मासेमारीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चिमट्यांपेक्षा तिचं तोंड नीट मिटतं. दुसरी, थर्मामीटर. कुर्ल्याच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत काचेचा साधा मिळतो, त्याला दोरी बांधा, फुटू नये म्हणून पेनाच्या नळीत ठेवा. ही वस्तू सगळ्यात स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यात गरजेची. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी : समुद्रसपाटीला १० अंशांवर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, २० अंशांवर ९. दोन हजार मीटर उंचीवर त्यातलाही पाचवा हिस्सा घटतो. इकडे गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढते. पाणी १८ अंशांच्या वर गेलं की ब्राउन ट्राउटसाठी गळ आवरता घ्या, २० नंतर कुठल्याच ट्राउटच्या मागे लागू नका. सोडलेला मासा पोहत गेला तरी पुढे मरतो. मे महिन्यात खालच्या पट्ट्यात दुपारी असं होऊ शकतं. पहाटे आणि बर्फाच्या पाण्याजवळ वर जा.

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची बंदी असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत ऑक्टोबरच्या शेवटी जाणाऱ्यांनी तळाकडे बघून पाय टाकावा. गडद खड्यांत मध्येच घासून धुतल्यासारखा फिकट, ताटाएवढा किंवा मोठा पट्टा दिसला तर मादीने तिथे खड्यांत अंडी घातलेली असू शकतात. एक बूट पडला की ती चिरडतात.

ट्राउट तिथला मूळचा नाही, हेही ध्यानात असू द्या. काश्मीरमध्ये तो १९०० साली विलायतेहून आणला गेला, कुलूत १९०९ मध्ये तिथून आला. मूळचा आहे तो स्नो ट्राउट : बारीक खवल्यांचा, खाली वळलेल्या तोंडाने दगडावरचं शेवाळ खरवडणारा. तो याच नद्यांत राहतो आणि ब्राउन ट्राउट त्याची पिल्लं खातो. परवान्यात बसतो तेवढा एखादा ट्राउट खायला ठेवलात तर बिघडत नाही. स्नो ट्राउट गळाला लागला तर मात्र तो पाण्यातच सोडवून जाऊ द्या.

प्रवासाबद्दल थोडं. चार तुकड्यांच्या रॉडची नळी पाऊण मीटरची होते, विमानातल्या केबिन बॅगेची लांबी साधारण ५५ सेंमी. म्हणजे नळी आणि गळ दोन्ही चेक-इनमध्ये. नळी बॅगेत तिरकी बसवा, बाहेर बांधलीत तर सामानाच्या पट्ट्यावर तुटेल. ट्रेनने जाणाऱ्यांना ही अडचण नाही.

परत आल्यावर बुटांकडे बघा. तळव्याला फेल्ट (नमदा) असलेले बूट दगडावर पकड चांगली देतात, पण ते आत कित्येक दिवस ओले राहतात आणि एका नदीचं शेवाळ-जंतू दुसऱ्या नदीत नेतात. न्यूझीलंडने त्यांवर बंदी घातली आहे. रबरी तळव्याचे घ्या. साबणाच्या पाण्यात, पाण्याच्या पाच टक्के साबण या प्रमाणात, निदान मिनिटभर बुडवून घासा आणि पूर्ण वाळल्यावर आणखी दोन दिवस तसेच ठेवा. मुंबईत जूनमध्ये काहीच वाळत नाही, म्हणून मेच्या सहलीहून आल्याआल्या, पाऊस लागायच्या आत, पंख्याखाली बूट, जाळी आणि रॉडची कापडी पिशवी उलटी करून वाळवा. नळीचं झाकण मात्र रॉडच्या बुचाची मूठ आतून कोरडी झाल्याशिवाय लावू नका, नाहीतर पुढच्या वर्षी उघडाल तेव्हा मुठीवर हिरवी बुरशी असेल.